जुन्नर तालुक्याचा इतिहास-भूगोल लिहायचा तर सुरुवात किल्ल्यांपासून नको

प्रश्न थोडक्यात असा: जुन्नर तालुक्यातल्या शाळांसाठी चाळीस-पन्नास पानांची तालुका-परिचय पुस्तिका करायची आहे. किल्ले, लेणी, धरणं, पिकं, प्रसिद्ध गावं अशी प्रकरणं पाडून माहिती जमवली, पण ती एकमेकींना चिकटत नाही. क्रम काय ठेवावा, कागद कुठले बघावेत आणि चुका कुठे होतात?

प्रकरणं विषयवार पाडलीत म्हणूनच ती सुटी राहिली. हा तालुका पश्चिमेकडून पूर्वेकडे वाचायचा असतो. नाणेघाटाच्या कड्यापासून आणे पठारापर्यंत सरळ रेषेत साधारण साठ किलोमीटर भरतात. तेवढ्यात पाऊस अडीच-तीन हजार मिलिमीटरवरून पाच-सहाशेवर येतो. कुठे भात, कुठे ऊस, कुठे बाजरी हे त्यावरच ठरतं. वाट कुठून चढली आणि बाजार कुठे भरला, हे घाटाच्या खिंडीवर आणि नदीच्या खोऱ्यावर ठरलं. म्हणून पुस्तिकेचा कणा दोनच गोष्टींचा ठेवा, पाणी आणि वाट. किल्ले, लेणी, दुर्बीण, बिबट्या हे सगळं त्याला जोडत गेलात की आपोआप जागेवर बसतं.

पहिलं काम नकाशाचं

भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे घ्या. जुन्या क्रमांकांनुसार नाणेघाट ४७ ई/११ मध्ये येतो, खिरेश्वर ४७ ई/१५ मध्ये, जुन्नर आणि नारायणगाव ४७ ई/१६ मध्ये, आळेफाटा आणि बेल्हे ४७ आय/४ मध्ये. दक्षिण-पश्चिम कोपऱ्यासाठी ४७ ई/१२ जवळ असू द्या. नव्या मालिकेत क्रमांकांची पद्धत बदलली आहे, तेव्हा मागणी करताना अक्षांश-रेखांश सांगितलेले बरे. जुन्नर शहर ढोबळमानाने १९ अंश १२ मिनिटे उत्तर, ७३ अंश ५२ मिनिटे पूर्व इथे आहे. या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर, आणि समोच्च रेषांमधलं अंतर २० मीटर.

आता नाणेघाट ते आणे अशी रेघ मारून तिचा उभा छेद काढा. रेघ कड्याच्या थोडी पश्चिमेला, मुरबाड तालुक्यातल्या वैशाखऱ्याच्या बाजूला सुरू करा, म्हणजे कोकणातून चढलेली भिंत छेदात दिसेल. पुस्तिकेच्या आडव्या पानासाठी आडवं प्रमाण एक सेंटिमीटरला अडीच किलोमीटर ठेवलं की छेद २३-२४ सेंटिमीटरांत बसतो. उभं प्रमाण मात्र वेगळं हवं. दोन्ही प्रमाणं सारखी ठेवली तर हजार मीटर उंचीचा डोंगर कागदावर चार मिलिमीटर येतो आणि पोरांना सपाट रेघ दिसते. उभं प्रमाण एक सेंटिमीटरला २५० मीटर, म्हणजे दसपट, पुरेसं आहे. वीसपट केलंत तर जीवधन किल्ल्याचा सुळका होतो, आणि मग शेजारचा खरा सुळका, वानरलिंगी, दाखवायला जागाच उरत नाही. छेदाखाली 'उंची दहापट वाढवून दाखवली आहे' ही ओळ विसरू नका. नेमकी हीच ओळ बहुतेक पुस्तिकांत नसते.

छेदाच्या खाली तीन पट्ट्या काढा: पाऊस, माती, मुख्य पीक. पावसाच्या आकड्यांत एक खोड आहे. आकडे महसूल मंडळनिहाय मिळतात: जुन्नर, नारायणगाव, ओतूर, बेल्हे, राजूर, आपटाळे, डिंगोरे वगैरे. मंडळाचं पर्जन्यमापक बसवलेलं असतं गावाच्या सोयीच्या जागी, आणि घाटमाथ्यावर दहा किलोमीटरांतच पाऊस निम्म्यावर येतो. आपटाळ्याचा आकडा घाटघरला लावला की घाटमाथा कोरडा दिसतो. 'तालुक्याचा सरासरी पाऊस' असा एकच आकडा तर छापूच नका. या तालुक्यात त्या आकड्याचं गाव सापडणार नाही.

नद्या आणि धरणं: इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो

कुकडी चावंडच्या पश्चिमेला पूर गावाजवळ उगम पावते. उगमाशी कुकडेश्वराचं जुनं दगडी मंदिर आहे. मीना तिच्या दक्षिणेला, ढाकोबा-आंबोलीच्या बाजूने येते आणि नारायणगावावरून पुढे जाते. उत्तरेला माळशेज-खिरेश्वरच्या बाजूचं पाणी पुष्पावतीत येतं आणि ओतूरच्या अंगाने मांडवी येते. कुकडी आणि मीना दोन्ही शेवटी घोडेला मिळतात, घोड भीमेला. म्हणजे कोकणाच्या कड्यापासून हाकेच्या अंतरावर पडलेलं पाणी बंगालच्या उपसागराला जातं. छेद काढलेला असेल तर हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

कुकडी प्रकल्पाची धरणं लिहिताना नदी आणि तालुका दोन्ही नोंदवा. माणिकडोह कुकडीवर, जुन्नर शहराच्या वर. येडगाव त्याच कुकडीवर, खाली नारायणगावच्या बाजूला. वडज मीनेवर. पिंपळगाव जोगे आर नदीवर. चिल्हेवाडी मांडवीवर. डिंभे याच प्रकल्पाचं मोठं धरण असलं तरी ते घोड नदीवर, आंबेगाव तालुक्यात आहे. ते जुन्नरच्या यादीत घालणं ही नेहमीची चूक. तिचं कारणही समजण्यासारखं आहे: डिंभ्याचा डावा कालवा पाणी आणून येडगावात सोडतो.

साठवण क्षमतेचे आकडे देताना एकूण साठा आणि उपयुक्त साठा वेगळे लिहा. माणिकडोहचा उपयुक्त साठा सुमारे दहा टीएमसी (अब्ज घनफूट) आहे, येडगावचा दोनच्या आत. आकडे पाहून येडगाव किरकोळ वाटेल, पण वरच्या धरणांचं पाणी तिथे गोळा होऊन मोठ्या कालव्यात जातं. तो कालवा पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळा असा लांब पूर्वेकडे जातो. आवर्तनाच्या वेळी, म्हणजे कालव्याला पाळीने पाणी सोडताना, भांडण का होतं हे याच्याशिवाय कळत नाही: धरण एकाच्या तालुक्यात, कालव्याचं टोक दुसऱ्याच्या. पिंपळगाव जोग्याचा मृतसाठा उपयुक्त साठ्याच्या तोडीचा आहे, म्हणून उन्हाळ्यात 'धरणात पाणी दिसतंय तर सोडत का नाही' हा प्रश्न दरवर्षी निघतो. जे पाणी कालव्याच्या मोरीच्या तळापेक्षा खाली आहे ते आपोआप वाहत नाही, ते पंपाने उचलावं लागतं. एवढं एक वाक्य आणि एक साधी आकृती पुरे. एक टीएमसी म्हणजे सुमारे २.८३ कोटी घनमीटर, हेही कोपऱ्यात द्या.

पिकांचे तीन पट्टे मग स्वतःच लिहिले जातात. पश्चिमेला भात, नाचणी, वरई आणि जंगलातला हिरडा. मधल्या पट्ट्यात ऊस, द्राक्षं, टोमॅटो, कांदा. पूर्वेला बाजरी, मटकी, हुलगा, रब्बीची ज्वारी. पश्चिमेकडे महादेव कोळी आणि ठाकर समाजाची वस्ती आहे, आणि त्यांच्या शेतीचं वर्णन 'पारंपरिक पद्धतीने भात घेतात' अशा ओळीत उरकू नका. राब कसा भाजतात ते लिहा: भाताच्या रोपांच्या वाफ्यावर शेण, त्यावर तोडलेल्या फांद्या-पाला, त्यावर गवत आणि वरून मातीचा पातळ थर. पेटवायचं वाऱ्याच्या उलट तोंडाकडून, म्हणजे आग धावत नाही, सावकाश खाली धुमसत जाते. वाऱ्याच्या बाजूने पेटवलं तर वरचं गवत भडकून जातं आणि माती कच्ची राहते. मग पावसात रोपाआधी तणच वर येतं. एवढ्या पावसाच्या पट्ट्यात तणाचं बी मारण्याचा हा उपाय आहे. झाडं तोडावी लागतात म्हणून त्यावर टीका होते, तीही लिहा.

हिरड्याचं तसंच. बाळहिरडा म्हणजे आठी (आतली कठीण बी) धरण्यापूर्वीचं कच्चं फळ. उन्हाळ्यात झोडून, वेचून, काळं पडेपर्यंत वाळवायचं. आठी धरलेला माल मिसळला किंवा वाळवण अर्धवट राहिली की भाव पडतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने जुन्नर-आंबेगावच्या हिरड्याचं मोठं नुकसान केलं. कित्येक घरांचं वर्षाचं रोख उत्पन्न त्या झाडांवर होतं आणि हिरड्याचं झाड पुन्हा फळाला यायला वर्षं लागतात.

वाट: नाणेघाटापासून आळेफाट्यापर्यंत

आता इतिहास. कल्याण आणि सोपारा ही बंदरं खाली, दख्खनचा बाजार वर, आणि मधला चढ नाणेघाट. सातवाहन काळातलं जुन्नर त्या चढाच्या माथ्यावरचं पेठेचं गाव. घाटाच्या तोंडाशी जी गुहा आहे तिच्या डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत मोठा लेख आहे. काळ साधारण इ.स.पू. पहिलं शतक. तो राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जातो. त्यात यज्ञ आणि त्यांची दक्षिणा मोजून लिहिली आहे: गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी. त्यामुळे त्यात आकडे आले, आणि भारतीय अंकचिन्हांच्या जुन्या नमुन्यांत या लेखाची गणना होते. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या व्यक्तींच्या मूर्ती होत्या. आज पावलांचे अवशेष आणि वर कोरलेली काही नावं राहिली आहेत: सिमुक सातवाहन, देवी नायनिका आणि राजा सातकर्णी, महारठी त्रणकयिर वगैरे. बाहेरचा दगडी रांजण जकातीचा म्हणून ओळखला जातो. पुस्तिकेतही 'म्हणून ओळखला जातो' असंच लिहा. त्यात रोज किती नाणी पडत याचे जे आकडे सांगतात ते छापू नका.

लेख बघायला मुलांना नेणार असाल तर वेळ सकाळची किंवा उतरत्या उन्हाची धरा. उजेड भिंतीला घासून आला तरच अक्षरांच्या खाचा उठतात. समोरून विजेरी मारली की भिंत सपाट दिसते. फोटोला मोबाइलचा फ्लॅश बंद ठेवून दुसऱ्याच्या हातातली विजेरी भिंतीलगत, अगदी तिरपी धरायला सांगा. अक्षरांत खडू, कोळसा, पाणी, तेल काहीही भरू द्यायचं नाही. संरक्षित स्मारकावर तो गुन्हा आहे, आणि खडूने 'सुधारलेलं' अक्षर पुढचा वाचणारा चुकीचं वाचतो.

जुन्नरच्या चारी बाजूंच्या डोंगरांत लेणी आहेत: लेण्याद्री, मानमोडीचे भीमाशंकर, अंबा-अंबिका आणि भूतलिंग हे गट, शिवनेरीच्या पोटातली लेणी, तुळजा लेणी. सगळी बौद्ध. प्रत्येकाचं वर्णन देत बसलात तर पंधरा पानं जातील. त्यापेक्षा 'खर्च कोणी केला' या एका प्रश्नावर सगळी बांधा, कारण त्याचं उत्तर दगडातच लिहिलेलं आहे. लेण्याद्रीच्या चैत्यगृहाचा दाता कल्याणच्या हेरणिकाचा (सोनाराचा किंवा खजिनदाराचा) मुलगा सुलसदत. म्हणजे घाटाखालचा माणूस. शिवनेरीच्या लेण्यांत यवन (ग्रीक वा पश्चिमेकडून आलेला परदेशी) इरिलाने पाण्याच्या दोन टाक्या आणि यवन चिटाने भोजनमंडप दिला. मानमोडीच्या भूतलिंग गटात यवन चंदाचं नाव आहे. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे संघाने, सात खोल्यांचं लेणं आणि पोढी (पाण्याचं टाकं) दिली. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेव ठेवल्याचाही लेख आहे. एका शक उपासकाने करंज आणि वडाच्या झाडांसाठी निवर्तनांत मोजलेली जमीन दिली. मानमोडीवरच महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याचा वर्ष ४६ चा लेख आहे. त्यातही दान मंडपाचं आणि पोढीचं. बाजार, पैसा, परदेशी आणि पाणी, चारही गोष्टी मुलांना दोन पानांत मिळतात.

पोढी म्हणजे खडकात खोदलेलं पाण्याचं टाकं. वरून पाहिलं तर तोंड लहान, चौकोनी. आत मात्र खोदाई बाजूंना पसरलेली, कधी मध्ये खडकाचेच खांब सोडलेले. तोंड लहान ठेवलं की ऊन कमी लागतं आणि बाष्पीभवन घटतं, छत म्हणून वरचा खडकच राहतो. पावसाळ्यात कड्यावरून येणारं पाणी टाक्याकडे वळवणाऱ्या बारीक चऱ्या शेजारी दिसतात का ते मुलांना शोधायला लावा. टाक्यांची मोजणी हा शाळेसाठी उत्तम उपक्रम आहे, फक्त वरून तोंडं मोजून संख्या लिहू नका. दोन तोंडं आत एकाच टाक्याला जोडलेली निघतात. वाकून बघणं धोक्याचं, तेव्हा खोली दोरीला दगड बांधून मोठ्यांनी मोजायची.

लेण्यांच्या क्रमांकांबाबत एक सूचना. वेगवेगळ्या अभ्यासकांनी आणि पुरातत्त्व खात्याने क्रमांक वेगवेगळे दिलेले आहेत. 'लेणं क्र. ६' एवढंच लिहिलं तर उपयोग नाही. गट, दिशा आणि 'चैत्यगृह' की 'विहार' हे सोबत लिहा. अष्टविनायकांपैकी लेण्याद्रीचा गिरिजात्मज ज्या दालनात आहे तो मूळचा बौद्ध विहार, शेजारी चैत्यगृह. हे सरळ लिहायला संकोच करू नका. दालनाच्या भिंतींतल्या भिक्षूंच्या खोल्या रांगेने समोरच दिसतात. तुळजा लेण्यांतलं चैत्यगृह तर वर्तुळाकार आहे, बारा अष्टकोनी खांब आणि वर घुमटाकार छत. पर्यटक लेण्याद्रीहूनच परत फिरतात, म्हणून पुस्तिकेत त्याला जागा जास्त द्या.

मध्ययुगात वाट तीच, मालक बदलले. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी घोडा विकायला इथे आला आणि पावसाळ्यात अडकला. चार महिने पाऊस आणि चिखल असल्याचं त्याने लिहून ठेवलं आहे. १४९० मध्ये मलिक अहमदने निजामशाही उभी केली ती जुन्नरहून, नंतर अहमदनगर वसवून तो तिकडे गेला. शहराजवळचा हबशी घुमट आणि हापूसबागेतला सौदागर घुमट या काळाची आठवण देतात. जुन्नर हातकागदासाठी नावाजलेलं होतं. शाळेच्या पुस्तिकांत याला एक ओळही मिळत नाही, आणि कागदी मोहल्ल्याचा धंदा गिरणीच्या कागदापुढे बसला हा अर्थशास्त्राचा धडा हातचा जातो.

शिवनेरीबद्दल दोन गोष्टी तपासून घ्या. पहिली, शिवाजी महाराजांची जन्मतारीख. फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. ब्रिटिश काळातल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये १६२७ साल आहे; तिथून उतरवून घेतलेल्या मजकुरात ते अजून फिरतं. शकाचं इसवी सन करताना सरसकट ७८ मिळवले की १६२९ येतं. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८, पण पौष-माघ-फाल्गुनाच्या जानेवारीनंतरच्या तिथींना ७९. कागदांत सुहूर सन असेल तर ५९९ किंवा ६०० मिळवा, दख्खनी फसली असेल तर ५९० किंवा ५९१. ही दोन्ही वर्षं मृग नक्षत्राला बदलतात, म्हणून जूनच्या आसपासची तारीख नीट बघावी लागते. दुसरी गोष्ट, शिवनेरी शिवाजी महाराजांच्या हयातीत स्वराज्यात आला नाही. १६५७ मध्ये त्यांनी जुन्नर शहरावर छापा घातला आणि घोडे व होन नेले. १६७३ चा किल्ल्यावरचा प्रयत्न फसला. किल्ला मराठ्यांकडे आला तो शाहू महाराजांच्या काळात, १७१६ मध्ये. 'महाराजांनी शिवनेरी जिंकला' असं वाक्य कुठे असेल तर काढा. किल्ल्याची उंची सुमारे १,०६७ मीटर, शहर सुमारे ६९० मीटरवर. फरक लिहिला तरच चढ कळतो.

चावंड, हडसर, जीवधन, निमगिरी हे किल्ले वेगवेगळे रंगवण्यापेक्षा छेदावर आणि नकाशावर टाका. जीवधन नाणेघाटाच्या माथ्यावर बसलेला, चावंड आणि हडसर तिथून जुन्नरकडे येणाऱ्या खोऱ्याच्या दोन अंगांना, शिवनेरी पेठेच्या डोक्यावर. वाटेचा पहारा एका नजरेत दिसतो. हरिश्चंद्रगडाचा मात्र मोह टाळा: गड अकोले तालुक्यात, अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. पायथ्याचं खिरेश्वर आणि तिथलं नागेश्वराचं मंदिर जुन्नरचं.

१८१८ ला प्रकरण संपवू नका. खरी कलाटणी त्यानंतरची आहे. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला, १८६३ मध्ये तिथूनच रेल्वे चढली, १८६५ मध्ये थळघाटातूनही. माल या दोन वाटांनी जाऊ लागला आणि मधल्या नाणेघाटाची गरज संपली. जुन्नरचं महत्त्व गेलं ते लढाईत नाही, रुळांमुळे. पुढे मोटारीच्या काळात कल्याणहून माळशेजमार्गे पूर्वेला जाणारा रस्ता आणि पुणे-नाशिक रस्ता जिथे एकमेकांना छेदतात तो आळेफाटा मोठा झाला. आज तालुक्याचं ठाणं जुन्नरला आहे, पण टोमॅटोचे क्रेट नारायणगावच्या आवारात उतरतात आणि कांदा ओतूर-आळेफाट्याला जातो. मुलांना जुन्या आणि नव्या वाटा एकाच नकाशावर दोन रंगांत काढायला लावा. बाजार पूर्वेकडे का सरकला हे ते स्वतःच सांगतील.

खोडदची जायंट मीटरवेव्ह रेडिओ दुर्बीण भूगोलाच्याच प्रकरणात टाका. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. १४ मध्यभागी साधारण एक चौरस किलोमीटरात, उरलेल्या इंग्रजी वाय अक्षराच्या तीन बाजूंनी पसरलेल्या, सर्वांत लांबच्या दोन तबकड्यांत सुमारे २५ किलोमीटर. डोंगरांचा आडोसा आणि मोठ्या शहरांपासूनचं अंतर, म्हणजे रेडिओ गोंगाट कमी, म्हणून ही जागा निवडली. प्रस्तावित पुणे-नाशिक रेल्वेचा मार्ग याच कारणाने अडला. काही तबकड्या तालुक्याबाहेर आहेत, तेव्हा 'तालुक्यात ३० तबकड्या' असं लिहू नका. जवळच आर्वीचं विक्रम उपग्रह भूकेंद्र १९७१ चं. आणि बोरी बुद्रुकला कुकडीच्या काठच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे, सोबत अश्मयुगीन हत्यारं. राख सुमात्रातल्या टोबाची मानतात, पण थराच्या वयाबद्दल ७५ हजार वर्षांपासून १४ लाख वर्षांपर्यंत वेगवेगळी मतं मांडली गेली आहेत. एकच आकडा छापून मोकळं होऊ नका. आपल्या पायाखालचा बेसाल्ट मात्र सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. राख आणि बेसाल्ट एकाच ज्वालामुखीतून आले असं मुलं हमखास धरून चालतात.

बिबट्याचं कारणही पाण्यात आहे. कालवे आले, ऊस वाढला. ऊस वर्षभर उभा, दाट, आत ओल आणि गारवा, बाहेर कुत्री-शेळ्या-डुकरं. मादी उसातच विते. तोडणी सुरू झाली की पिल्लं सापडतात आणि मादी आसपास असते, म्हणून तोडणीचे महिने जास्त जोखमीचे. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे. 'जंगल कमी झालं म्हणून बिबट्या गावात आला' हे वाक्य इथे अपुरं आहे; कित्येक बिबटे उसातच जन्मलेले असतात.

कागद कुठले, आणि त्यात फसगत कुठे

गावाचं क्षेत्र आणि आकार (शेतसारा) यासाठी आकारबंद, म्हणजे गाव नमुना १. इनाम आणि देवस्थान जमिनींसाठी गाव नमुना ३, दुमाला जमिनींची नोंदवही. पीकवार क्षेत्राचा गोषवारा गाव नमुना ११. जुनी जन्म-मृत्यू नोंद गाव नमुना १४. गाव नकाशा, टिपण, फाळणी भूमी अभिलेख कार्यालयात. अर्ज करताना गावाचं नाव बुद्रुक-खुर्दसह लिहा, नाहीतर दुसऱ्याच गावाची नक्कल हातात येते.

जुन्या कागदातला सर्व्हे नंबर आजच्या सातबाऱ्यावर शोधायला जाल तर बहुतेक गावांत सापडणार नाही. १९४७ च्या तुकडेबंदी-एकत्रीकरण कायद्याखाली योजना राबवल्यावर गट नंबर आले. मधला दुवा एकत्रीकरणाच्या तक्त्यात असतो. भूमी अभिलेखात 'नऊ-तीन, नऊ-चार' म्हणून मागा. एकरांचे हेक्टर करताना एक एकर म्हणजे ४० गुंठे, ४०.४७ आर. गुंठा आणि आर जवळजवळ सारखे म्हणून घरगुती हिशेबात चालतात, पण गावभराच्या बेरजेत फरक पडतो.

पश्चिमेकडच्या गावांत महसुली गाव एक आणि वाड्या पाच-सात, लांब लांब विखुरलेल्या. जनगणनेचा आकडा महसुली गावाचा असतो, शाळेचा पट वाडीचा. दोन्ही एका तक्त्यात घातले की वस्तीपेक्षा मुलं जास्त दिसायला लागतात. धरणाखाली गेलेल्या गावांचं आणखी वेगळं: जुन्या नकाशावर गाव पाण्याच्या जागी, आज त्याच नावाची वस्ती काठावर किंवा दुसरीकडेच. नकाशावर दोन्ही ठिकाणं दाखवा, जुनं तुटक रेषेने.

पेशवेकालीन कागद पुणे पुराभिलेखागारात आहेत, मोडीत. मोडी वाचणारा माणूस आधी ठरवा, मग मागणीपत्र भरा; नुसते फोटो काढून आणले की ते तसेच पडून राहतात. गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडून माहिती घेताना सालं विचारू नका, घटना विचारा: बहात्तरचा दुष्काळ आधी की नंतर, धरणाची भिंत उभी होती का, डांबरी रस्ता झाला होता का. उत्तराशेजारी सांगणाऱ्याचं वय, वाडी आणि तारीख लिहा. पूर्वेकडच्या पठारावर गेलात तर आण्याला रंगदास स्वामींच्या पुण्यतिथीला होणाऱ्या आमटी-भाकरीच्या पंगतीची नोंद घ्या: किती कढया, मसाला कुठल्या गावाकडून, भाकरी कुणाकडून. कोरडवाहू पठारावर एवढं अन्न कसं जमतं, हा प्रश्न बाजरीच्या प्रकरणाची सुरुवात करायला पुरेसा आहे.